फ्लोरस्पार टाकूनही स्लॅग चिकटच, मदत हवी आहे

ओतकामवाला:
भट्टीतला स्लॅग (वितळलेल्या धातूवर तरंगणारा मळ) डिंकासारखा चिकट येतोय, काठाला चढून बसतो. फ्लोरस्पार (स्लॅग पातळ करायचं खनिज) टाकला की तेवढ्यापुरता पातळ होतो, पुढच्या हीटला, म्हणजे वितळवण्याच्या फेरीला, पुन्हा तेच. टनामागे किती टाकायचा? लवकर सांगा, उद्या सकाळी भट्टी लावायची आहे.

लोखंडे:
भट्टी कुठली? क्युपोला (कोळशाची), इंडक्शन (विजेच्या कॉइलची), आर्क (विजेच्या ठिणगीची)? बीड (ओतीव लोखंड) ओतता की पोलाद? आतलं अस्तर कशाचं?

ओतकामवाला:
इंडक्शन, बीड. प्रमाण विचारलंय हो मी.

मेल्टरदादा:
जोडीला चुनखडी घाला. क्युपोलावर माझी उमर गेली, चुनखडी आणि चिमूटभर फ्लोरस्पार यावर स्लॅग कधी अडला नाही.

लोखंडे:
दादा, क्युपोलात स्लॅग वाहतच बाहेर काढायचा असतो. इंडक्शनमध्ये उष्णता धातूत तयार होते, स्लॅगला ती धातूकडून जेवढी मिळेल तेवढीच. म्हणून तो थंड आणि घट्ट राहतो. त्यात चुना सिलिकाचं, म्हणजे वाळूच्या जातीचं, अस्तर खातो. अस्तराचं अजून सांगितलं नाहीत, ओतकामवाले.

निर्मळ_पाणी:
फ्लोराईडबद्दल सावध राहा. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जास्त झालं तर दातांवर डाग पडतात, पुढे हाडं धरतात.

मेल्टरदादा:
पाण्याचं इथे कुणी विचारलंय? आणि लोखंडे, पोलादाच्या कारखान्यांत फ्लोरस्पार सर्रास टाकतात. त्यांच्या भट्ट्या फुटतात का?

लोखंडे:
त्यांचं अस्तर मॅग्नेशिया किंवा डोलोमाइटचं, म्हणजे बेसिक (अल्कधर्मी). तिथे चुना लवकर विरघळावा म्हणून फ्लोरस्पार टाकतात. सिलिकाच्या भट्टीत तोच माल अस्तरावर जातो.

रसायनताई:
बरोबर. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराईड, वितळतो साधारण १४१८ अंशांना. सिलिकाशी त्याची क्रिया होऊन सिलिकॉन टेट्राफ्लोराईड वायू सुटतो आणि चुना मागे उरतो. त्या चुन्याने अस्तर आणखी मऊ पडतं. माल कुठल्या प्रतीचा आहे? ९७ टक्क्यांच्या वरचा ॲसिड ग्रेड हायड्रोफ्लोरिक ॲसिड करायला जातो, भट्टीला त्याखालचा मेटलर्जिकल ग्रेड वापरतात.

वेल्डिंगवाला:
आमच्या ७०१८ वेल्डिंग रॉडच्या लेपातही फ्लोरस्पार असतो. जोडात हायड्रोजन कमी राहतो, तडे जात नाहीत. मात्र रॉड ओव्हनमध्ये तापवूनच घ्यावे लागतात.

रसायनताई:
ॲल्युमिनियमचंही तसंच. नुसतं ॲल्युमिना वितळवायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. क्रायोलाइटमध्ये, म्हणजे सोडियम-ॲल्युमिनियमच्या फ्लोराईडमध्ये, विरघळवलं की साडेनऊशेच्या आसपास काम होतं. १८८६ पासून हीच रीत आहे. नैसर्गिक क्रायोलाइटची ग्रीनलंडमधली इविट्टूटची खाण १९८७ मध्ये बंद झाली, आता तो कृत्रिमच करतात.

ओतकामवाला:
ॲल्युमिनियम नकोय मला! अस्तर सिलिकाचंच आहे, रॅमिंग मास (ठोकून बसवलेली पूड). पण तोच माल पूर्वीपासून वापरतोय, तेव्हा त्रास नव्हता.

लोखंडे:
मग चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) काय बदललं? स्क्रॅप गंजका आहे का? घरचे रिटर्न (ओतकामातून उरलेले तुकडे) वाळूसकट टाकता का?

ओतकामवाला:
वाळू झाडणारं शॉट ब्लास्टचं मशीन बंद आहे. रनर, रायझर (साच्याच्या वाटांतले तुकडे) तसेच जातात.

लोखंडे:
मग मूळ तिथे आहे. वाळू आणि गंजाचाच तो स्लॅग. फ्लोरस्पारचं प्रमाण मी सांगणार नाही, तो बंदच करा. रिटर्न टम्बलिंगच्या पिंपात फिरवा, तेही जमत नसेल तर हातोड्याने वाळू झाडा. स्लॅग पातळ करायच्या मागे लागू नका, उलट परलाइटचा कोॲग्युलंट (स्लॅग गोळा करणारी पूड) टाकून घट्ट करा, थर सळईने उचलून निघतो. आणि उद्या भट्टी लावण्याआधी रिकाम्या भट्टीचा आतला व्यास स्लॅगच्या रेषेवर मोजा. नव्या अस्तराच्या मापापेक्षा बराच वाढला असेल तर चार्ज भरू नका. पातळ अस्तरातून धातू कॉइलपर्यंत गेला, तर कॉइलच्या आत पाणी असतं, स्फोट होईल. अर्थ लीकेजचा मीटर (धातू कॉइलकडे सरकला की इशारा देणारा) काय दाखवतो?

ओतकामवाला:
सुई वर सरकलीय थोडी. मोजतो सकाळी. फ्लोरस्पार टाकल्यावर धूर डोळ्यांना झोंबतो, तो यामुळेच का?

रसायनताई:
बहुतेक हो. तो वायू दमट हवेत गेला की हायड्रोजन फ्लोराईड तयार होतं, फुप्फुसांना घातक. सुई सरकली असेल तर उद्याची हीट रद्द करा, व्यास मोजून मगच पुढचं ठरवा.