मदत हवी आहे : खर्र्याला 'नाही' म्हणायचा सराव मुलांकडून कसा करून घ्यावा?

खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. पूर्व विदर्भातल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी ४० मिनिटांचं सत्र बसवतोय. कॅन्सरची चित्रं मुद्दाम ठेवलेली नाहीत. खर्रा वाईट हे मुलाला ठाऊकच असतं. मित्र खर्र्याची पन्नी (प्लॅस्टिकची पुडी) उघडून "घे ना बे, एवढासा" म्हणतो, तिथे तो अडतो. भित्रा ठरायची भीती तंबाखूपेक्षा मोठी असते.

म्हणून चौघांचा गट करतो : एक आग्रह करणारा, एक नकार देणारा, दोघे बघणारे. नकार तीन-चार शब्दांचा, नजर वर, आणि लगेच पाय उचलायचा. कारण सांगायचं नाही. कारण दिलं की वाद सुरू होतो आणि आग्रह करणारा जिंकतो. प्रत्येकाची पाळी किमान तीनदा, कारण पहिल्यांदा सगळे हसण्यावारी नेतात.

जे आधीच खातात त्यांना तलफेची पाच-दहा मिनिटं पाणी आणि बडीशेपेवर काढायला सांगतो. नुसती सुपारी अजिबात नाही, तोंड आखडतं ते मुख्यतः तिच्यामुळेच. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर थेट दंतवैद्य. सोबत १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी मोफत क्विटलाइन.

अडलंय ते इथे : आग्रह करणारा क्रिकेट टीमचा कॅप्टन किंवा मोठा चुलतभाऊ असेल तर हा नकार टिकत नाही. नातं न तोडता काय म्हणावं? झाडीबोलीत किंवा वऱ्हाडीत मुलांच्या तोंडी सहज बसतील अशी वाक्यं कोणी वापरली असतील तर जशीच्या तशी लिहा.