शब्दचर्चा: चित्रकोडे, आणि हॉकीतला चौकोनी ‘गोल’

प्रश्न
सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी हॉकीवरची चित्रकोडी तयार करते आहे. एका पानावर वेड्यावाकड्या वाटा काढल्या आणि वर लिहिलं, ‘चेंडू गोलपर्यंत न्या’. एका मुलीने अगदी मन लावून रेघ ओढली आणि ती नेली थेट कोपऱ्यातल्या सूर्यापाशी. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिच्या मराठीत गोल म्हणजे वाटोळं, आणि हॉकीचा गोल तर ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच अशी आडवी चौकट! तिथे काय लिहावं? शिवाय ठिपके जोडणं, फरक ओळखणं, तुकडे जुळवणं या सगळ्यांना ‘कोडे’ म्हणणं बरोबर आहे का?

प्रतिसाद १
आधी दुसऱ्या प्रश्नाबद्दल. शब्दाशेजारी कोणतं क्रियापद येतं ते पाहावं. कोडं घालतात, सोडवतात; ते सुटतं, उलगडतं. म्हणजे कुणीतरी काहीतरी झाकून ठेवलेलं असतं. चित्रांवरून शब्द ओळखायचा असेल तर ते अस्सल चित्रकोडं. ठिपके मात्र आपण जोडतो, ते ‘सुटत’ नाहीत. तरी ‘शब्दकोडे’ रुळलेला असल्यामुळे त्याच वळणाचा ‘चित्रकोडी’ हा शब्द मुखपृष्ठावर चांगला शोभेल. आतल्या पानांवर मात्र क्रियापदालाच बोलू द्या: ‘ठिपके जोडा’, ‘वाट शोधा’, ‘तुकडे जुळवा’. ‘चित्रकोडे सोडवा’ एवढंच वाचून मुलाला पेन्सिल कुठे टेकवायची ते कळत नाही.

चित्राचे तुकडे जुळवण्याच्या खेळाला इंग्रजीत जिगसॉ म्हणतात; त्या नावात तर कोडं नाहीच, करवत आहे. १७६०च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर चिकटवलेले नकाशे कापून भूगोल शिकण्यासाठी विकले, ते या खेळाचे सुरुवातीचे नमुने. जिगसॉ हे नाव पुष्कळ नंतरचं. मी ‘तुकडेजोड’ म्हणतो, मुलांना लगेच समजतं.

प्रतिसाद २
‘फरक ओळखा’ आणि ‘चूक शोधा’ यांची सरमिसळ फार होते, तेवढी टाळा. फरकाला दोन चित्रं लागतात आणि नुसती नजर पुरते. चूक एकाच चित्रात असते, ती सापडायला खेळ माहीत असावा लागतो. हॉकीत अशा चुका पेरायला भरपूर जागा आहे! स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते, डावखुऱ्यांसाठी उलटी स्टिक नियमात नाही. चित्रकार नकळत ती उलटी काढतात, तुम्ही मुद्दाम काढा. गोलरक्षकाला संघातल्या इतरांच्याच रंगाचा शर्ट घाला. पंचांची कार्डं तर मुलांसाठीच केल्यासारखी आहेत: हिरवं त्रिकोणी, पिवळं चौकोनी, लाल गोल. इथे ‘गोल’ हा शब्द अगदी बरोबर बसतो.

प्रतिसाद ३
बोलण्यात आपण स्टिकलाही ‘हॉकी’च म्हणतो. ‘लपलेल्या पाच हॉक्या शोधा’ हे कानाला गोड लागेल, पण खेळही हॉकी आणि काठीही हॉकी झाली की मूल अडखळेल. ‘स्टिक’ ठेवा. आणि बर्फावरच्या हॉकीचं पान करणार असाल तर तिथे चेंडू नसतो, रबरी चकती (पक) असते. पक हा शब्द मोठ्यांसाठी ठीक, चित्राशेजारी ‘चकती’ लिहिलं की आकारही कळतो.

प्रश्नकर्ती
क्रियापदाचं पटलं, सूचना बदलते आहे. गोलसाठी ‘गोलपोस्ट’ लिहून पाहिलं, पण तो शब्द खांबांवर थांबतो. ‘जाळी’ लिहिलं तर बोट बरोबर तिथेच जातं. ‘गोल’ हा शब्द मी चेंडू आत गेल्यावर जे होतं त्याच्यासाठी राखून ठेवते: ‘चेंडू जाळीपर्यंत न्या आणि गोल करा’.

राहिला ‘डी’, म्हणजे जाळीसमोरचा आखलेला भाग. पानावर ‘डीच्या आत किती खेळाडू आहेत?’ असं लिहिलं तर मुलं अक्षर शोधत बसतील. नियमांत त्याला वर्तुळ म्हणतात, पण ते पूर्ण वर्तुळ नाही: दोन पाव वर्तुळं आणि त्यांना जोडणारी सरळ रेघ. ‘अर्धगोल’ म्हटलं तर पुन्हा गोल आलाच.

प्रतिसाद १
त्या भागात फिका रंग भरा आणि लिहा, ‘रंगवलेल्या भागात किती खेळाडू आहेत?’ ‘डी’ हे नाव उत्तरांच्या पानावर, चित्रासह द्या.