प्रौढ स्वयंसेवकांना सेवा-सन्मान: वर्षं मोजायची की काम?

पायवाट
आमची ८ ते १७ वयोगटातल्या मुलामुलींची संस्था आहे. दर आठवड्याला बैठक, महिन्याला एक सहल, वर्षातून दोन शिबिरं. प्रौढ स्वयंसेवक ५४. कोणी गेल्या वर्षी आलेले, कोणी वीस वर्षांहून जुने. आजवर वार्षिक कार्यक्रमात सगळ्यांना एकच छापील प्रमाणपत्र दिलं जायचं. घरी नेऊन कोणी ते भिंतीवर लावत नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. यंदापासून नीट योजना आखायची आहे. सन्मान किती प्रकारचे असावेत? निवड कोणी करावी? सेवेची वर्षं मोजायची कशी? जुन्या नोंदी अर्धवट आहेत. कार्यक्रमाला साधारण पाच महिने आहेत.

नोंदवही
पाच महिने पुरतील, पण सुरुवात पदकाच्या नमुन्यापासून करू नका, यादीपासून करा.

दीर्घ सेवा आणि उल्लेखनीय काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एका मापाने मोजल्या की दोन्ही बिघडतात. सेवेचा सन्मान आपोआप मिळायला हवा. वर्षं भरली की मिळाला. त्यासाठी शिफारस, मतदान, मुलाखत काही नाही. कामाचा सन्मान मात्र निवडीनेच द्यायचा, आणि त्यात वर्षांना गुण द्यायचे नाहीत. नाहीतर दरवर्षी सर्वांत ज्येष्ठ माणूसच निवडला जातो आणि दोन वर्षांत मोठं काम उभं करणाऱ्याचं नाव कागदावरही येत नाही.

वर्षं मोजण्याचे नियम आधी लिहून काढा, माणसं नंतर मोजा. क्रम उलटा झाला की नियम माणसांकडे बघून वाकतात. मी हे नियम सुचवेन:

१. वर्ष म्हणजे संस्थेचं कार्यवर्ष. त्यातल्या किमान नऊ महिन्यांत काम केलं तर ते वर्ष धरायचं.
२. खंड पडला तर आधीची वर्षं पुसायची नाहीत, पुढे जोडायची. आजारपण, बाळंतपण, बदली यांमुळे थांबलेला माणूस परत येतो तेव्हा त्याला शून्यावर आणणं अन्यायाचं आहे.
३. टप्पे १, ३, ५, १० आणि पुढे दर पाच वर्षांनी. पहिल्या वर्षाचा टप्पा गाळू नका. नवे स्वयंसेवक बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच गळतात, आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या कामाची नोंद कोणी घेतलेली नसते.

अर्धवट नोंदींसाठी हजेरीपट, शिबिरांच्या गटयाद्या, पालकांना पाठवलेली पत्रकं, खर्चाच्या पावत्यांवरच्या सह्या आणि तारखा असलेली छायाचित्रं एकत्र करा. एका वर्षासाठी यांपैकी दोन पुरावे मिळाले की ते वर्ष मान्य. एकच असेल तर त्या वर्षी सोबत काम केलेल्या दोघांची लेखी साक्ष घ्या. मग प्रत्येकाला त्याची स्वतःची नोंद पाठवा आणि दुरुस्तीसाठी तीन आठवडे द्या. ही पायरी गाळली तर दुरुस्ती थेट व्यासपीठावर होते.

चौकट
नोंदवहींशी पूर्ण सहमत. निवडीच्या सन्मानाबद्दल लिहितो.

पातळ्या थोड्याच ठेवा; ५४ माणसांच्या संस्थेत दोन पुरेत. एक त्या वर्षातल्या विशिष्ट कामासाठी, दुसरा अनेक वर्षांच्या सर्वांगीण योगदानासाठी. पहिल्याचे जास्तीत जास्त तीन, दुसऱ्याचा एक. 'जास्तीत जास्त' हा शब्द नियमात हवाच. योग्य नाव नसेल त्या वर्षी सन्मान दिला नाही तरी चालतं. ओढूनताणून दिला तर आधी मिळालेल्यांचाही मान उतरतो.

स्काउट चळवळीत ही विभागणी फार जुनी आहे. अमेरिकेतल्या स्काउट संघटनेत सिल्व्हर बीव्हर स्थानिक परिषदेच्या पातळीवरच्या कामासाठी आहे (१९३१ पासून) आणि सिल्व्हर बफेलो राष्ट्रीय पातळीवरच्या कामासाठी (१९२६ पासून). कामाची व्याप्ती बदलली की सन्मानही वेगळा. जागतिक संघटनेचा ब्राँझ वुल्फ हा एकच सन्मान आहे आणि १९३५ मध्ये तो पहिल्यांदा खुद्द चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांना दिला गेला. लहान संस्थेनेही यातून घ्यावं ते हेच, की प्रत्येक सन्मान कोणत्या कामासाठी आहे ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

शिफारशीच्या अर्जात चार रकाने पुरेत: काय केलं, किती काळ केलं, मुलांना त्याचा काय उपयोग झाला, हे कोणी पाहिलं. स्वतःची शिफारस स्वतः करता येणार नाही. ज्याचं नाव आहे त्याला कळवायचंही नाही, कारण निवड झाली नाही तर विनाकारण मन दुखतं.

अर्जात विशेषणं आली की समितीने तो परत पाठवावा. 'मेहनती, मनमिळाऊ, संस्थेचा आधारस्तंभ' यावरून काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी 'सलग सहा शिबिरांचं साहित्य सांभाळलं. प्रत्येक शिबिरानंतर तंबू वाळवले, मोजले, उसवलेल्या शिवणी घातल्या. त्यामुळे एकाही शिबिरात तंबू कमी पडला नाही' असं लिहिलं की गुण देता येतात, आणि तोच मजकूर पुढे मानपत्रातही वापरता येतो.

समिती पाच जणांची, दोन वर्षांची मुदत. पाचांपैकी किमान एक जण पूर्वी संस्थेत मूल म्हणून वाढलेला असावा. चर्चेआधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे गुण लिहून द्यायचे. आधी चर्चा झाली तर पहिल्या बोलणाऱ्याचं मत सगळ्यांचं होतं. नातेवाईक किंवा स्वतःच्या गटातला सहकारी असेल तर त्या नावापुरतं बाहेर बसायचं. समितीत असेपर्यंत सदस्याला सन्मान नाही.

आणखी एक तपासणी कराच: अंतिम यादीतली माणसं काय काम करतात ते पाहा. सगळे मुलांसमोर उभे राहणारे असतील तर हिशेब, स्वयंपाक, वाहतूक, भांडार सांभाळणाऱ्यांच्या शिफारशीच आलेल्या नाहीत. यादी बदलू नका, पण पुढच्या वर्षी त्या विभागांकडून मुद्दाम शिफारशी मागवा.

पायवाट
मनापासून आभार, हे फार कामाचं आहे. दोन अडचणी उरतात. काही स्वयंसेवक आमच्याकडेच लहानाचे मोठे झाले. ते 'माझी पंधरा वर्षं झाली' म्हणतात, पण त्यात लहानपणची नऊ आहेत. आणि एक बाई एकाच वर्षी गटप्रमुख आणि कोषाध्यक्ष दोन्ही होत्या. त्यांचं वर्ष दुहेरी धरायचं का?

नोंदवही
नाही. एका वर्षात कितीही भूमिका असल्या तरी वर्ष एकच. भूमिका नोंदीत वेगवेगळ्या लिहा. निवडीच्या सन्मानाच्या वेळी त्या उपयोगी पडतात.

लहानपणची वर्षं प्रौढ सेवेत धरायची नाहीत. प्रौढ म्हणून नावनोंदणी झाली त्या तारखेपासून मोजा. पण ती वर्षं टाकूनही देऊ नका. काही स्काउट संघटनांच्या गणवेशावर सेवेच्या वर्षांचा छोटा तारा असतो. वर्षांचा आकडा ताऱ्यावर आणि सेवा कुठल्या विभागात झाली ते त्यामागच्या चकतीच्या रंगावरून कळतं. तुम्हीही दोन रंग ठेवा, एक मूल म्हणून घालवलेल्या वर्षांचा, एक प्रौढ सेवेचा. त्या माणसाला दोन्ही तारे लावता येतील आणि हिशेबही चोख राहील.

कुंपण
एक मुद्दा कोणी मांडलेला नाही आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांच्या संस्थेत कोणाचाही जाहीर गौरव म्हणजे संस्थेने त्या माणसावर उमटवलेली विश्वासाची मोहोर. त्याच्याविरुद्ध एखाद्या मुलाची तक्रार प्रलंबित असेल आणि त्याला टाळ्यांच्या गजरात पदक मिळालं, तर ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. दुसरी मुलंही बघत असतात.

म्हणून अंतिम यादी बालसुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे जायलाच हवी. सेवेच्या ताऱ्यांचीसुद्धा, कारण ते आपोआप मिळतात. उत्तर फक्त 'हरकत नाही' किंवा 'तूर्त थांबवा' एवढंच. थांबवण्याचं कारण समितीने विचारायचं नाही आणि तिला सांगायचंही नाही. थांबवलेलं नाव पुढच्या वर्षी मोकळं झालं तर आधीच्या तारखेपासून द्या. ही तपासणी दोनदा करा: यादी ठरल्यावर आणि कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात.

सन्मान परत घेण्याचा नियमही आजच लिहून ठेवा. वेळ आल्यावर लिहायला बसलात तर तो एका माणसासाठी केल्यासारखा दिसतो.

आणि रोख रक्कम देऊ नका. पैसे आले की त्याला मानधनाचं रूप येतं आणि स्वयंसेवक म्हणून असलेल्या स्थानाबद्दल, कराबद्दल नको ते प्रश्न उभे राहतात.

ठसा
छपाई आणि पदकांचं सांगतो, कारण शेवटच्या पंधरा दिवसांत गोंधळ इथेच होतो.

नावं यादीतून उचलू नका. प्रत्येकाकडून 'प्रमाणपत्रावर नाव असं हवं' हे त्याच्याच हाताने लिहून घ्या. वडिलांचं नाव, पतीचं नाव, आडनाव आधी की नंतर, ऱ्हस्व-दीर्घ, याबाबत प्रत्येकाची पसंती असते आणि तिथे चूक झाली की प्रमाणपत्र वायाच. संगणकावर यादीतून नावं भरून घेताना देवनागरी अक्षरं फुटतात: 'ऱ्ह', 'ॲ', 'क्ष' आणि रफार असलेली नावं नमुना छापून डोळ्यांनी तपासा. पडद्यावर ठीक दिसतं आणि छापखान्याच्या यंत्रावर टंक (फाँट) नसल्यामुळे चौकोन उमटतात. छापखान्याला देण्याच्या पीडीएफमध्ये टंक अंतर्भूत करून घ्या.

कागद २५० ते ३०० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन). चकचकीत नको, त्यावर शाईची सही पुसली जाते. दहा टक्के प्रती नावाशिवाय जास्त छापून ठेवा.

पदकाच्या साच्यात वर्ष घालू नका, मागच्या बाजूला नाव आणि वर्ष कोरायला जागा ठेवा. म्हणजे एकदा साचा केला की उरलेली पदकं पुढच्या वर्षी चालतात. रोज लावायच्या ताऱ्याला मागे दोन खिळ्या असाव्यात. एका खिळीवर तारा फिरत राहतो आणि तिरका दिसतो. नव्या साच्याला नमुना मंजुरीसह आठ आठवडे धरा. म्हणजे निवड कार्यक्रमाच्या किमान बारा आठवडे आधी संपली पाहिजे.

दुसरी घंटा
सोहळ्याबद्दल थोडंसं. मानपत्र ६० ते ८० शब्दांचं, म्हणजे वाचायला पाऊण मिनिट. ते त्या माणसाच्या गटातल्या मुलाने वाचावं आणि पदकही मुलानेच द्यावं. पाहुण्यांच्या हातून मिळालेलं पदक पाहुण्यांबरोबरच विसरलं जातं. सेवेचे तारे एक वर्षापासून चढत्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने एकत्र उभं करून. निवडीचे सन्मान स्वतंत्र. हे सगळं कार्यक्रमाच्या पहिल्या अर्ध्या तासात उरका, कारण उशीर झाला की लहान मुलं आणि त्यांचे पालक निघून गेलेले असतात.

ज्याला निवडीचा सन्मान मिळणार त्याच्या घरच्यांना दोन आठवडे आधी गुपचूप कळवा. त्याला मात्र त्या दिवशी कुठलंही काम देऊ नका. नाव पुकारलं जातं तेव्हा अशी माणसं हमखास स्वयंपाकघरात किंवा वाहनतळावर असतात.

पायवाट
कोणी येऊच शकलं नाही तर? टपालाने पाठवावं का?

दुसरी घंटा
टपालाने नको. नाव आणि मानपत्र कार्यक्रमात वाचा, पदक राखून ठेवा आणि पुढच्या साप्ताहिक बैठकीत त्यांच्या गटासमोर द्या. प्रवास करणं शक्यच नसेल तर गटातली दोन-तीन मुलं एका जबाबदार प्रौढासोबत, पालकांची परवानगी घेऊन, घरी जाऊन देतील. दोन आठवड्यांच्या आत. त्याहून उशीर झाला तर पदक कपाटात राहतं.