अमेरिकेच्या ऑर्डरी अडल्या. युरोपकडे वळावे काय?

उद्यमबाग_ओतकाम
नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहान फौंड्री असून आम्ही पाइप फिटिंग आणि पंपांची कास्टिंग ओततो. कोल्हापूरचे एक निर्यातदार त्यावर मशिनिंग करून माल अमेरिकेला पाठवतात. 27 ऑगस्ट 2025 रोजी अनेक भारतीय वस्तूंवरील अमेरिकेचे जादा शुल्क 50 टक्क्यांवर गेले, तेव्हापासून त्यांनी निम्म्या ऑर्डरी रोखल्या आहेत आणि उरलेल्यांचा दर कमी करून मागत आहेत. शुल्काचे चित्र स्थिरावेपर्यंत तग धरावा, की युरोपातील ग्राहक शोधण्याचा आग्रह धरावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिपिंग_बिल
युरोप अवश्य पाहा, मात्र तिथे 1 जानेवारी 2026 पासून येणाऱ्या लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर कार्बन आकार (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचे शुल्क) लागतो. म्हणून आधी आपल्या मालाचा कस्टम्स कोड (सीमाशुल्कासाठीचा वर्गीकरण क्रमांक) तपासावा: पाइप फिटिंग त्या यादीत आहेत, मोटारींचे सुटे भाग तूर्त नाहीत. लोखंड-पोलादासाठी सध्या थेट उत्सर्जनच धरले जाते, म्हणजे इंडक्शन भट्टीने ओढलेली वीज नव्हे, तर क्युपोलात (कोक जाळून लोखंड वितळवणाऱ्या भट्टीत) जाळलेला कोक, आणि त्यात विकत घेतलेले पिग आयर्न (ओतकामासाठीचे कच्चे लोखंड) तयार होताना झालेले उत्सर्जनही मिळवावे लागते. वर्षाला 50 टनांपर्यंत असा माल मागवणाऱ्या आयातदाराला सूट आहे. आपल्यासारख्यांनी असाच लहान आयातदार गाठावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

खानापूर_काजू
अडचण केवळ शुल्काची नाही. आमच्या काजू कारखान्यांना आफ्रिकेतून कच्ची बी लागते, आणि बेनिनने एप्रिल 2024 पासून तिची निर्यातच बंद केली, कारण सोलण्याचा रोजगार त्यांना आपल्या देशात हवा आहे. इंडोनेशियाने 2020 साली निकेलच्या खनिजाबाबत हेच केले होते. (त्यांच्या जागी आपण असतो तर वेगळे वागलो असतो, असे मला वाटत नाही.)

निपाणीकर
याच चालीने आपल्या सरकारनेही जून 2022 पासून साखरेच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा चिकोडी-निपाणी भागातील ऊसवाल्यांना जागतिक भावाचा लाभ पूर्ण मिळाला नाही. मूळ बदल असा की जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्या, त्यामुळे निवाड्याविरुद्ध अपील केले की वाद तिथेच लोंबकळतो. न्यायनिवाडा होत नसेल तर देश दोघादोघांत सौदे करणारच. ब्रिटनशी आपला करार 24 जुलै 2025 रोजी झाला. त्याखाली माल कोठे तयार झाला याचा पुरावा मागितला जाईल. अमेरिकेचे शुल्क उद्या उतरले तरी परवा पुन्हा चढू शकते, त्यामुळे त्या एका बाजारावर नवी भट्टी उभारण्याचे कर्ज काढू नये.

उद्यमबाग_ओतकाम
सर्वांचे आभार. आमची भट्टी इंडक्शनची आहे, परंतु पिग आयर्न व्यापाऱ्याकडून येते आणि बिलावर उत्पादकाचे नावही नसते. उत्सर्जनाचा दाखला व्यापाऱ्याकडे मागावा, की थेट उत्पादकाकडून माल घ्यावा?

शिपिंग_बिल
थेट उत्पादकाकडूनच घ्यावा. किमान खरेदीचे प्रमाण जास्त पडत असेल, तर उद्यमबागेतील दोन-तीन फौंड्रींनी मिळून गाडी मागवावी आणि प्रत्येक लॉटचा दाखला बिलासोबत घ्यावा.