राजाने स्वतः विमान उतरवावं का? कादंबरीतल्या एका प्रसंगावरून तिघांचा वाद

मागचा वारा: एका काल्पनिक राजेशाहीच्या कादंबरीत वादळी रात्री राजा बेटावर औषधं घेऊन स्वतः विमान उतरवतो, शाही ताफ्याचा कॅप्टन शेजारी गप्प. लेखकाला यात सेवा दिसते, मला धोका. २९ जून १९९४ ला स्कॉटलंडच्या आयला बेटावर ब्रिटनचे तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स बीएई १४६ हे जेट विमान चालवत होते. मागून वारा, वेग जास्त. विमान धावपट्टीबाहेर जाऊन नाक मऊ जमिनीत रुतलं. चौकशीत ठपका आला कॅप्टनवर. मागच्या वाऱ्याने जमिनीवरचा वेग १२० नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) १३२ झाला, की ब्रेक तेच असूनही थांबायला सुमारे २१ टक्के जास्त अंतर लागतं. वारा मुकुट बघत नाही.

उजवी सीट: अजिबात पटलं नाही. चूक राजाने उडवण्यात नाही, कॅप्टनला गप्प बसवण्यात आहे. विलेम-अलेक्झांडर नेदरलँड्सचे राजे झाल्यावरही केएलएम या डच विमान कंपनीच्या फोकर ७० विमानावर को-पायलट होते, २०१७ नंतर बोइंग ७३७ वर. को-पायलट! कॅप्टनचा शब्द अंतिम. राजा काही तास दुसऱ्याच्या हुकुमात राहतो, हीच तर सेवा. लेखकाने एवढी जागा बदलावी, प्रसंग उभा राहील.

मागचा वारा: केएलएमचा कॅप्टन राजाचा नोकर नाही, शाही ताफ्याचा कॅप्टन मात्र असतो. ५०० फुटांवर वेग १५ नॉट जास्त असेल तर एकच शब्द हवा: 'गो-अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढा. मिनिटाला ७०० फूट उतरताना तिथून जमीन जेमतेम ४३ सेकंदांवर. 'महाराज, वेग जरा...' असं अदबीनं म्हणेपर्यंत त्यातले पाच गेले, आणि राजाने 'बघतो' म्हटलं की आणखी पाच.

उजवी सीट: म्हणूनच इंजिन सुरू करण्याआधीचं ब्रीफिंग दाखवा. कॅप्टन राजाला बजावतो: मी गो-अराउंड म्हटलं की थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पुढे, चर्चा नाही. मी 'माझा ताबा' म्हटलं की तुम्ही 'तुमचा ताबा' म्हणून हात काढायचे. त्या ब्रीफिंगमध्ये 'महाराज' हा शब्दच येऊ देऊ नका.

वारसदार: दोघांनीही राज्याचा विचार सोडला. जोधपूरचे महाराजा हनवंतसिंह २६ जानेवारी १९५२ ला स्वतःचं विमान चालवताना गेले, ऐन निवडणुकीच्या दिवसांत. गादीवर आला चार वर्षांचा मुलगा. कादंबरीतला युवराज त्या रात्री कुठे आहे? त्याच विमानात असेल, तर ब्रीफिंग कितीही चोख असो, हे उड्डाण मंजूरच होऊ नये.