डीकॅफची कोल्ड ब्रू: नेहमीचीच कृती चालते का?

(कॉफी करणाऱ्यांमधली चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

निथळ

कोल्ड ब्रूची, म्हणजे थंड पाण्यात तासन्‌तास भिजवून केलेल्या कॉफीची, कृती सगळीकडे साधारण एकच सांगितली जाते: कॉफीच्या आठपट पाणी, जाड दळण, १८ ते २४ तास भिजवणं. डीकॅफला, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीला, ती जशीच्या तशी लावली की कॉफी एकतर पांचट होते, नाहीतर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, आणि खापर फुटतं डीकॅफच्या डोक्यावर. माझं म्हणणं असं की डीकॅफला कॉफी जास्त लागते आणि वेळ कमी.

कारण बीमध्येच आहे. कॅफिन काढताना कच्च्या हिरव्या बिया आधी वाफेनं किंवा पाण्यानं फुगवतात. मग पाणी, द्रावक किंवा प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरून कॅफिन ओढून घेतात आणि बिया पुन्हा सुकवतात. या फुगण्या-सुकण्यात बी सच्छिद्र आणि ठिसूळ होते. कॅफिनबरोबर चवीचा काही ऐवजही निघून जातो, म्हणून तेवढ्याच मापात कॉफी पातळ लागते. आणि ठिसूळ बी दळताना पिठासारखी बारीक भुकटी जास्त पडते. ती चव लवकर सोडते आणि पुढचे तास फक्त लाकडी तुरटपणा देत राहते.

माझं माप: ९० ग्रॅम डीकॅफ, ६०० मिली गाळलेलं थंड पाणी. दळण जाड रव्याएवढं किंवा त्याहून किंचित जाड. सगळी कॉफी ओली होईपर्यंत १५ सेकंद हलवायचं, झाकण लावून फ्रिजमध्ये १२ तास. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणून हाती ४२० मिलीच्या आसपास येतं. पिताना दोन भाग कॉफीत एक भाग पाणी किंवा दूध.

मोजमाप

माप मान्य, वेळेचं कारण मान्य नाही. थंड पाण्यात कॅफिन आणि कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लं पहिल्या सहा-सात तासांतच जवळपास पूर्ण उतरतात, त्यानंतर आलेख सपाट होत जातो. फ्रिजमध्ये हे जरा सावकाश होतं, पण १२ आणि १८ तासांत तुम्ही म्हणता तेवढी तफावत पडत नाही. पुठ्ठ्याची चव येते ती दोन गोष्टींमुळे: शिळी बी आणि गाळून न निघालेली भुकटी.

शिळेपणाकडे कुणी बघतच नाही. सच्छिद्र बीमधून भाजल्यानंतरचा वायू लवकर निघून जातो आणि प्राणवायू तितक्याच सहज आत शिरतो. तेलही पृष्ठभागावर लवकर येतं आणि खवट होतं. साधी कॉफी ज्या मुदतीत छान लागते त्याच्या बरीच आधी डीकॅफ उतरणीला लागते. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. आणि रंगावरून भाजणी ठरवू नका: डीकॅफची कच्ची बीच तपकिरी असते, त्यामुळे मध्यम भाजलेली बीसुद्धा गडद दिसते. गडद दिसते म्हणून घाबरून फिकट भाजणी घेतली की थंड पाण्यात तिची चव कच्च्या धान्यासारखी येते.

निथळ

शिळेपणाचा मुद्दा बिनतोड आहे. पण भुकटीचं सांगायचं तर दळलेली कॉफी चाळून घेणारं घर विरळा. न चाळता बारीक कण बरणीत जाणारच असतील, तर ते किती वेळ पाण्यात राहतात याला महत्त्व आहेच. घरी सहज हातात असलेलं नियंत्रण म्हणजे घड्याळ.

मोजमाप

मग चाळायला शिकवू या की. चहाची बारीक जाळीची स्टीलची गाळणी घ्या, दळलेली कॉफी तीत टाकून दहा-बारा वेळा थोपटा, खाली पडेल ते बाजूला काढा. दोन मिनिटांचं काम आहे. ९० ग्रॅम हवी असेल तर १०० ग्रॅम दळा. पात्यांचा ग्राइंडर असेल तर ही पायरी टाळूच नका, कारण त्यात अर्धी कॉफी खडे आणि अर्धी पीठ होते. दोन-दोन सेकंदांचे झटके देत, मध्ये भांडं हलवत दळा.

कडूगोड

दोघंही चुकीच्या भांड्याबद्दल भांडताय. डीकॅफमध्ये सुगंध मुळात कमी, आणि थंड पाण्यात तर तो सर्वांत कमी उतरतो. मग थंडच का भिजवायचं? गरम काढा आणि थेट बर्फावर गाळा. ३० ग्रॅम कॉफी, दळण मध्यम, फिल्टरखालच्या भांड्यात २०० ग्रॅम बर्फ. वरून ९३ अंशांचं ३०० मिली पाणी, आधी ६० मिली ओतून ४० सेकंद थांबायचं, मग उरलेलं तीन हप्त्यांत. चार मिनिटांत गार कॉफी तयार, आणि फळांचा जो काही गंध बीमध्ये शिल्लक असेल तो कपात येतो. बारा तासांची वाट कशाला?

निथळ

गंधाबद्दल तुमचं बरोबर आहे. मात्र डीकॅफमध्ये बारीक कण जास्त, त्यामुळे कागदी फिल्टर तुंबतो. चार मिनिटांचं गाळणं सहा-सात मिनिटांवर जातं आणि शेवटचं पाणी सगळा कडवटपणा घेऊन खाली येतं. दळण जाड केलं तर चव उतरत नाही. शिवाय अशी कॉफी दुसऱ्या दिवशी उतरलेली लागते. आठवड्यातून एकदा करून ठेवायची असेल तर भिजवणंच बरं.

घोटभर

मधला रस्ता आहे. कॉफी आधी गरम पाण्यात भिजवा, मग थंड करा. ९० ग्रॅम कॉफीवर ९० अंशांचं १८० मिली पाणी, ४५ सेकंद, मग उरलेलं ४२० मिली थंड पाणी. गंध गरम पाणी काढतं, अंग, म्हणजे दाटपणा, थंड पाणी देतं.

मोजमाप

यातली मेख तापमानात आहे, आकडे मांडून बघा. ९० अंशांचं १८० मिली आणि फ्रिजमधलं ५ अंशांचं ४२० मिली मिळून मिश्रण ३० अंशांवर येतं. म्हणजे बरणी फ्रिजमध्ये ठेवली तरी पहिले काही तास कोमटच असते, आणि कडवटपणा नेमका तेव्हा उतरतो. त्याऐवजी २७० मिली थंड पाणी आणि १५० ग्रॅम बर्फ टाका, मिश्रण साधारण ९ अंशांवर येईल. आणि गरम पायरी स्टीलच्या पातेल्यात करा, जाड काचेच्या बरणीला तडा जाऊ शकतो.

पाणीदार

मला मूळ प्रश्नच विचारायचा आहे. कोल्ड ब्रूमध्ये कॅफिन कमी असतं असं सगळे म्हणतात. मग डीकॅफचा खटाटोप कशाला, साधीच कॉफी निम्मी मिसळून करावी.

मोजमाप

हा समज खोडलाच पाहिजे, कारण कुणी डॉक्टरांच्या सांगण्यावरून कॅफिन टाळत असेल तर तो महागात पडेल. थंड पाण्यात कॅफिन सावकाश विरघळतं, पण तास भरपूर मिळतात आणि कॉफीही जास्त घातलेली असते. अरॅबिका जातीच्या कॉफीत कॅफिन साधारण १.२ टक्के असतं. तुमच्या मिश्रणात ४५ ग्रॅम साधी कॉफी म्हणजे ५४० मिलिग्रॅम. सगळं उतरलं असं धरलं तर ६०० मिलीत तेवढं, म्हणजे पाणी न घातलेल्या २०० मिलीत १८० मिलिग्रॅम.

पूर्ण डीकॅफचं गणित वेगळं. ९७ टक्के कॅफिन काढलेल्या अरॅबिकात ०.०३६ टक्के उरतं, म्हणजे ९० ग्रॅममध्ये ३२ आणि २०० मिलीत ११ मिलिग्रॅमच्या आसपास. रोबस्टा जातीची असेल तर मुळात जवळपास दुप्पट कॅफिन, त्यामुळे उरलेलंही तसंच. शून्य कधीच नसतं. ज्यांना थेंबभरही चालत नाही त्यांनी डीकॅफच्या दाट अर्कावर विसंबू नये.

कडूगोड

आणि द्रावकाचं काय? मिथिलीन क्लोराइडनं काढलेली डीकॅफ थंड पाण्यात केली तर तो उडून जायला उष्णताच मिळत नाही. थंडच करायची तर पाण्याच्या पद्धतीचीच बी घ्यावी.

निथळ

पाण्याची पद्धत निवडायला हरकत नाही, पण हे कारण टिकत नाही. मिथिलीन क्लोराइड ४० अंशांच्या आसपास उकळतो आणि बी भाजली जाते २०० अंशांच्या वर. उडायचं ते भट्टीतच उडतं. अमेरिकेत भाजलेल्या डीकॅफमध्ये त्याची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. १९०६ च्या सुमारास ब्रेमेनमध्ये लुडविग रोझेलियुसनं धंद्यासाठी डीकॅफ सुरू केली तेव्हा बेंझीन वापरलं होतं, ते कधीच बाद झालं. माझ्या मते बी निवडताना पद्धतीइतकंच ताजेपणाकडे बघावं.

पाणीदार

पटलं, निम्मी-निम्मी नको. मग बरणी रात्रभर ओट्यावर ठेवली तर चालेल का? फ्रिजमध्ये जागा नसते.

घोटभर

खोलीच्या तापमानाला कॉफी दाट आणि गोलसर होते, मी तर तेच सुचवेन. १० तास पुरे.

मोजमाप

मी नाही सुचवणार. कोल्ड ब्रूचा पीएच (आंबटपणाचं माप) ५ च्या आसपास असतो, म्हणजे जंतूंना रोखण्याइतकी ती आंबट नसते, आणि कॉफी उकळलेलीही नसते. फ्रिज ५ अंशांच्या खाली असावा. बरणी गरम पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करा, झाकणाची रबरी कडी काढून वेगळी घासा, वास तिथेच धरतो. गाळलेली कॉफी पाच ते सात दिवसांत संपवा. दूध फक्त पेल्यात, बरणीत नाही.

निथळ

गाळण्याचं राहिलं, आणि डीकॅफ बहुतेक तिथेच बिघडते. बरणी थेट कागदी फिल्टरवर उपडी करू नका, दोन मिनिटांत तो बंद पडेल. आधी स्टीलच्या गाळणीतून चोथा काढा. चोथा चमच्यानं दाबू नका आणि फडकं पिळू नका, नाहीतर जो गाळ टाळायचा तोच खाली येतो. गाळलेली कॉफी फ्रिजमध्ये दोन तास न हलवता ठेवा. तळाशी मातकट थर बसलेला दिसेल. वरची स्वच्छ कॉफी हळूच धुतलेल्या कागदी फिल्टरवर ओता आणि शेवटचे ३०-४० मिली भांड्यातच सोडून द्या.

मोजमाप यांचा वेळेचा मुद्दा तपासायचा असेल तर एकाच पाकिटातली कॉफी चाळून दोन बरण्या लावा, एक १२ तासांना गाळा, दुसरी १८ ला. दोन्ही एकाच तापमानाला, पाणी-दूध न घालता चाखा. न चाळलेल्या कॉफीसाठी मी १२ तासांवर ठाम आहे.