टिळकवाडी ते उद्यमबाग, रोज ९११ मधून: शहाणपण की खुळेपण?

टिळकवाडीकर:
माझा मामेभाऊ बेळगावात उद्यमबागेत फाउंड्री चालवतो. वय बावन्न, मुलगी सासरी गेली, कर्ज फिटलं. आता म्हणतोय, जुनी पोर्शे ९११ घ्यायची आणि झाकून ठेवायची नाही, रोज कारखान्याला न्यायची. घरचे सगळे विरोधात, मी एकटा त्याच्या बाजूनं. रोज चालवायची स्पोर्ट्स कार घ्यायचीच तर हीच. मागं दोन छोट्या सीट, पुढच्या डिकीत बाजाराची पिशवी बसते, काचेतून चारी बाजू नीट दिसतात. इंजिनाचं वजन मागच्या चाकांवर, त्यामुळं आपल्या पावसातही चाक लवकर जागच्या जागी फिरत बसत नाही. बोला.

शहापूरचा माग:
चाक फिरायला रस्ता तर पाहिजे ओ! इंडियन रोड काँग्रेसच्या मापानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आमच्या गल्लीतला या बघायला. स्लॅबचं उरलेलं काँक्रीट, रुंदी दीड फूट, उंची म्हशीच्या पाठीएवढी. स्विफ्ट घासते तिथं.

टिळकवाडीकर:
त्याला लिफ्ट मिळते की. बटण दाबलं की पुढची बाजू ४ सेंटिमीटर वर. नव्या मॉडेलात तर गतिरोधकाची जागा एकदा साठवली की पुढच्या वेळी गाडी आपणच नाक उचलते.

शहापूरचा माग:
म्हणजे बेळगावात ती कायम नाक वर करूनच फिरणार. वरपक्षासारखी.

कोगनोळी नाका:
गतिरोधक सोडा, कराचं बघा. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला १८ टक्के आजीवन कर, वर सेस. नवी ९११ दोन कोटींची धरा, ३६ लाख इथंच गेले. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि २०२५ पासून कमाल मर्यादा ३० लाख. जुनी घेतली तर वयाप्रमाणे कमी होतं, पण मुंबईची गाडी आणून एमएच पाटीवरच फिरवीन म्हणाल तर बारा महिन्यांवर नाही चालत, बेळगावची केए २२ पाटी करून घ्यावीच लागते. आपल्याकडं निम्म्या गल्लीत ‘कोल्हापूरच्या मेव्हण्याची’ गाडी उभी असते ते ठीक, पण ९११ चा मेव्हणा लपत नाही.

जांबोटी रोड:
मी स्वतः दोन वर्षं एक जर्मन कूपे चालवली, कंपनीचं नाव घेत नाही. जुलैची संध्याकाळ, जांबोटीच्या अलीकडं खड्ड्यातल्या दगडानं टायरची बगल फाटली. स्टेपनी नाही, डिकीत नुसती पंक्चर बुजवायच्या फेसाची बाटली आणि पंप. बाटली रिकामी केली तर सगळा फेस बगलेतून बाहेर, साबणाच्या पाण्यासारखा लाल चिखलात. गाडी उचलून न्यायला रात्रीचे अकरा वाजले आणि टायर बेंगळुरूहून तिसऱ्या दिवशी आला. आताच्या साध्या ९११ ला तर पुढं १९ इंची आणि मागं २० इंची चाकं, एक स्टेपनी घेऊन हिंडलात तरी दोन्हीकडं बसत नाही. मी विकली. झोप लागते आता.

वडगाव गॅरेज:
सगळे टायर आणि टॅक्सवर बोलताय, खरं दुखणं कोणी काढलं नाही. टिळकवाडी ते उद्यमबाग किती? चार किलोमीटर! काट्यावर पाणी गरम झालेलं दिसतं, पण ऑइल गरम व्हायला त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात गाडी बंद. मग आत धरलेला दमटपणा उडत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. रोज असंच केलं तर कुठलंही इंजिन कुरकुरतं, हे तर महागाचं. गाडी रोजच्या वापराची आहे, त्यांचा रोजचा रस्ता तिच्या वापराचा नाही. कारखाना निपाणीला असता तर मीच म्हटलं असतं घ्या.

काकतीच्या वहिनी:
आणि उभी ठेवली तर? बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे पडतात, वायरी उंदीर खातात. आमच्या दारात पन्नास लाखांची एसयूव्ही आहे, ती फक्त लग्नाला आणि यल्लम्माला जाते. तिचा हिशेब कोणी विचारत नाही! होंडानं १९९० मध्ये एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार काढली ती ह्याच हट्टानं, फेरारीच्या तोडीची पण रोज चालवता येईल अशी. गॅरेजवाले दादा, संध्याकाळी परत येताना हायवेनं हत्तरगीपर्यंत जाऊन येऊ दे की त्यांना. ऑइलही गरम होईल, माणूसही थंड होईल.

वडगाव गॅरेज:
ते चालेल, वहिनी. फक्त उसाचा हंगाम सोडून. अंधारात डबल ट्रॉली, मागं लाइट नाही, आणि ही गाडी ट्रॉलीच्या खाली जाईल एवढी बुटकी.

टिळकवाडीकर:
काल रविवारी मामेभाऊ, मी आणि मेजर टेप. घर ते फाउंड्री अकरा गतिरोधक. सात सरळ जातात, तीन तिरके घेतले तर जातील. अकरावा कशानंही जात नाही. तो त्याच्याच गेटसमोर आहे, भंगाराचे ट्रक सावकाश यावेत म्हणून त्यानंच घालून घेतलेला. आज सकाळी तिथं काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालू होता.